वल्ह्याच्या होडीला विजेची मोटर : घरच्या घरी कशी बसवावी

मंडळाच्या गेल्या दोन-तीन कार्यक्रमांत काही सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला : "तुमच्या धाकट्या भावाच्या होडीला ती बॅटरीवरची मोटर कशी बसवली हो? आम्हांला जमेल काय?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावे, म्हणून हा लेख. मी इंजिनिअर नाही. बी. कॉम. होऊन आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. पण या कामात निम्मे सुतारकाम आहे आणि निम्मा हिशेब, आणि चुकतो तो बहुधा हिशेबच. म्हणून तोच जरा विस्ताराने मांडतो.

विषय वाटतो तितका हौसेचा नाही. सारमानस, पिळगाव, नार्वे, आमोणे या बाजूच्या कितीतरी घरांत अजून एक छोटी होडी आहे. पोट त्यावर चालत नसेल, पण रविवारी शेवटे, काळुंद्रे मिळतात, नशीब असेल तर एखादा चोणक. वल्हे मारणारे हात मात्र आता साठीच्या पुढचे आहेत. मुले नोकरीला पणजी-वेर्ण्याला, नाहीतर परदेशात. आमच्या भावाचा उजवा खांदा धरला तेव्हा होडी विकायचीच बोलणी चालली होती. पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन लहान होडीला जड, आवाजाचे आणि खर्चाचे. मधला मार्ग म्हणून आम्ही ट्रोलिंग मोटर बघितली.

ही मोटर म्हणजे काय

ट्रोलिंग म्हणजे होडी अगदी सावकाश पुढे नेत पाण्यातून गरी ओढणे. त्यासाठी निघालेली ही विजेची छोटी मोटर. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली फोर्ड मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर घेऊन तिला दांडा आणि पंखा जोडला, तिथून तिची सुरुवात झाली. शेजारचे राज्य मिनेसोटा, म्हणून त्यांच्या कंपनीचे नाव मिन कोटा पडले.

रचना साधी आहे. वर हँडल आणि वेगाचे बटण, मध्ये लांब दांडा, खाली पाण्यात बुडालेली मोटर आणि तिला पंखा. मोटर स्वतः पाण्यात असल्यामुळे ती थंड राहते आणि आवाज जवळजवळ होत नाही. आपल्या लहान होडीला मागच्या फळीवर शिकंज्याने आवळायची मोटर पुरते. होडीच्या टोकावर बसवायच्या मोटरी महाग आणि आपल्या कामाला अनावश्यक.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. ही मोटर वेगासाठी नाही. भरलेल्या लहान होडीला ती ताशी पाच-सहा किलोमीटर नेते, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. आउटबोर्डची अपेक्षा ठेवून घेतलीत तर निराशा होईल.

किती ताकदीची घ्यावी

या मोटरी अश्वशक्तीत मोजत नाहीत, 'थ्रस्ट'मध्ये मोजतात, म्हणजे पाण्यात होडीला किती जोराने ढकलतात ते. माप पौंडात असते. ३० पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलोची ढकल, ४० पौंड म्हणजे १८ किलो, ५५ पौंड म्हणजे २५ किलो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर साधारण ५५ पौंडांपर्यंतच जाता येते. त्यापुढे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात.

ढोबळ नियम असा की सामानासकट होडीच्या एकूण वजनाच्या निदान दोन टक्के ढकल हवी. आमचा हिशेब देतो. चौदा फुटी फायबरची होडी १२० किलो, दोन माणसे १४०, बॅटरी आणि मोटर ४०, जाळी, बर्फ, पाणी, मासे ४०. बेरीज ३४० किलो. दोन टक्के म्हणजे सुमारे ७ किलो, पौंडात १५. कागदावर ३० पौंडाची मोटर भरपूर झाली.

पण हा नियम स्थिर तळ्याचा आहे. मांडवी तळे नव्हे. समुद्राची भरती-ओहोटी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवते, म्हणजे आपला सगळा पट्टा त्यात आला. ऐन ओहोटीला पाणी ताशी तीन-साडेतीन किलोमीटर धावते. त्यात दुपारचा वारा समोरून. म्हणून नदीसाठी ४० पौंडांपेक्षा कमी घेऊ नये, शक्य तर ५५ घ्यावी. ताकद जास्त असली म्हणून पूर्ण वापरलीच पाहिजे असे नाही. ती अडचणीच्या वेळेची शिल्लक समजावी.

घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मोटर खाऱ्या पाण्याला चालते असे कंपनीने स्पष्ट लिहिलेले असावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी खारट होते आणि गोड्या पाण्यासाठी बनवलेली मोटर त्यात गंजते. दुसरी, वेगाचे बटण. काही मोटरींना पंख्याच्या रेग्युलेटरसारखे पाच ठरावीक वेग असतात. त्यांत कमी वेगावर वीज उष्णतेत वाया जाते. सलग कमी-जास्त होणारा इलेक्ट्रॉनिक वेग असेल तर तीच बॅटरी बरीच जास्त वेळ पुरते. किंमत थोडी जास्त पडते, पण वसूल होते.

दांड्याची लांबी

पंख्याचे वरचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली निदान वीतभर हवे. नाहीतर पंखा हवा ओढतो, नुसता फडफडतो आणि होडी हलत नाही. होडीत नेहमीचे वजन ठेवून ती पाण्यात उभी करावी आणि मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते दहा इंचांपर्यंत असेल तर ३० इंची दांडा, सोळा इंचांपर्यंत असेल तर ३६ इंची घ्यावा. दांडा फार लांब असला तर ओहोटीत गाळात रुततो. आपल्या नदीत गाळाची कमी नाही, हे सांगायला नको.

फळी मजबूत करणे

फायबरच्या होडीची मागची फळी बहुधा पातळ असते. मोटर २५ किलोने ढकलते ती दांड्याच्या खालच्या टोकाला. पहारीने दगड उचलावा तसा तो जोर फळीवर कितीतरी पटींनी येतो. म्हणून शिकंजा थेट फायबरवर आवळू नये.

आम्ही आतून आणि बाहेरून १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन तुकडे लावले. आतला तुकडा फूट-दीड फूट रुंद घ्यावा, म्हणजे जोर पसरतो. प्लायच्या कडांना दोन हात इपॉक्सी द्यावी, कारण पाणी शिरते ते कडेतूनच. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच, मोठ्या वायसरसकट, आणि भोकांत मरीन सीलंट भरून. साधे लोखंडी बोल्ट इथे एका पावसाळ्यात गंजतात. एवढी जाडी शिकंज्याच्या तोंडात बसते का, हे प्लाय कापण्याआधी मोजावे.

जुन्या पद्धतीची, दोन्ही टोके निमुळती असलेली होडी असेल तर मागे सपाट फळीच नसते. तिथे होडीच्या दोन्ही काठांवर आडवी जाड फळी टाकून ती काठांना बोल्टने पक्की करावी आणि तिच्या बाहेर आलेल्या टोकावर मोटर लावावी, मागून साधारण पाव लांबीवर. मोटर एका बाजूला आली की होडी दुसऱ्या बाजूला वळू बघते. हँडल किंचित तिरके धरले की भागते. तीन-चार फेऱ्यांत हात बसतो.

मोटर बसल्यावर तिला एक जाड दोरी बांधून दुसरे टोक होडीच्या कडीला अडकवावे. शिकंजा ढिला होऊन मोटर नदीत गेली तर ती परत मिळत नाही.

बॅटरी : खरा खर्च इथेच

गाडीची बॅटरी चालणार नाही. ती क्षणभर जोराचा करंट देऊन गाडी सुरू करण्यासाठी असते. तासन् तास थोडा थोडा करंट देऊन रिकामी होण्याने ती लवकर मरते. लागते ती 'डीप सायकल' बॅटरी. दोन पर्याय आहेत.

शिशाची १०० अँपियर-तासाची बॅटरी सुमारे ३० किलो भरते. टिकवायची असेल तर निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. म्हणजे हाती ५० अँपियर-तास. नेमाने निम्म्यापर्यंत वापरली तर साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्या निघतात.

लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी ११ ते १३ किलो. तिची ८० टक्के क्षमता बिनधोक वापरता येते आणि दोन हजारांवर फेऱ्या निघतात. सुरुवातीला पैसे जास्त जातात. पण किमतीला फेऱ्यांनी भागून बघा. वर्षात पन्नासेक रविवार जाणाऱ्यालाही दहा वर्षांच्या हिशेबात ती महाग पडत नाही. शिवाय सत्तरीच्या माणसाला घरापासून घाटापर्यंत ३० किलो उचलणे आणि १२ किलो उचलणे यांतला फरक पैशात मांडता येत नाही.

विजेचे म्हणाल तर एक पूर्ण चार्ज म्हणजे सुमारे दीड युनिट. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करावा. पेट्रोलशी तुलना करायचीही गरज पडणार नाही.

बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवून पट्ट्याने होडीच्या तळाला बांधावी. मोटर आणि ती चालवणारा असे दोन्ही मागे असतात, म्हणून बॅटरी मध्याच्या थोडी पुढे ठेवावी. नाहीतर होडीचे तोंड वर आणि मागचा काठ पाण्याला टेकलेला, असा प्रकार होतो.

तार आणि ब्रेकर

इथे काटकसर करू नये. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगावर ५० अँपियर ओढते. घरातल्या गिझरच्या जवळजवळ चौपट. समजा बॅटरीपासून मोटर तीन मीटर लांब आहे. जाणे-येणे धरून सहा मीटर तांबे झाले. ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर वाटेतच सुमारे ०.८७ व्होल्ट, म्हणजे सात टक्के दाब नाहीसा होतो, तार तापते आणि मोटर मंद चालते. १६ चौरस मिलिमीटरची वापरली तर फक्त ०.३३ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. म्हणून १६ चौरस मिलिमीटरचीच, बारीक धाग्यांची लवचीक तांब्याची तार घ्यावी. जिथे मिळेल तिथे कल्हईची.

लाल तारेवर, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, ६० अँपियरचा डी.सी. ब्रेकर लावावा. ४० पौंडांच्या मोटरला ५० अँपियरचा पुरतो. घरच्या बोर्डावरचा साधा एम.सी.बी. वापरू नये. तो ए.सी.साठी असतो आणि डी.सी. करंट तोडताना त्याची ठिणगी विझेलच असे नाही. ब्रेकर नसेल आणि पंख्यात जाळे अडकले, तर अडलेली मोटर प्रचंड करंट ओढते आणि तार पेटू शकते. नदीच्या मध्यावर आग लागणे म्हणजे काय, ते वेगळे सांगत नाही.

तारेच्या टोकांना लग नुसते पिळून न बसवता दाबयंत्राने दाबून घ्यावेत. आपल्या बाजारातला कोणताही चांगला बॅटरीवाला हे करून देतो. वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तारा पाइपातून न्याव्यात, म्हणजे गरी आणि जाळी त्यांत अडकत नाहीत. लाल-काळ्याची अदलाबदल होऊ नये म्हणून एकाच बाजूने बसणारा जाड प्लग लावावा. शेवटची जोडणी ब्रेकर बंद ठेवूनच करावी.

पहिली चाचणी

मोटर हवेत फार वेळ फिरवू नये. पंखा फिरतो की नाही एवढे दोन-तीन सेकंद बघावे, हात आणि धोतर-लुंगी दूर ठेवून. मग होडी घाटाला बांधूनच चालवून बघावी. दोरी आणि खांब यांच्यामध्ये माशांच्या वजनाचा स्प्रिंगचा काटा अडकवला तर मोटरची खरी ढकलही मोजता येते. ५५ पौंडाची मोटर पूर्ण वेगावर २५ किलोच्या आसपास दाखवायला हवी. फारच कमी दाखवत असेल तर तार बारीक आहे, जोड ढिला आहे किंवा पंखा पुरेसा खोल नाही. दहा मिनिटे चालवून लग आणि ब्रेकरला हात लावून बघावा. चटका बसत असेल तर तो जोड पुन्हा करावा.

नदीचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा तुम्ही भर ओहोटीत खाली तीन किलोमीटर गेलात आणि लगेच परत फिरलात. होडीचा पूर्ण वेग ताशी ६ किलोमीटर, समोरून येणारे पाणी ३.५. उरले २.५. तीन किलोमीटरला एक तास बारा मिनिटे, ५० अँपियरने ६० अँपियर-तास. शिशाच्या बॅटरीत वापरण्याजोगे होते ५०, आणि इतक्या जोराने ओढल्यावर ती तेवढेही नीट देत नाही. म्हणजे घाट दिसत असताना मोटर बंद पडणार आणि तुम्ही पुन्हा खाली वाहत जाणार.

तीच परत-वाट भरतीबरोबर धरा. मोटर निम्म्या वेगावर, ताशी ३. पाठीमागून पाणी ३.५. एकूण ६.५. अर्ध्या तासाच्या आत घरी. निम्म्या वेगाला करंट निम्मा लागत नाही, त्याहून पुष्कळ कमी, दहा-पंधरा अँपियर लागतो. खर्च सहा-सात अँपियर-तास. एकाच वाटेला एकदा ६० आणि एकदा ७.

हे आपल्या वाडवडिलांना मोटर नसताना ठाऊक होते. ओहोटीबरोबर जायचे, भरतीबरोबर यायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो, हा कोकणपट्टीचा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यावरून तो निघाला. आता मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टकही मिळते, पण ते पाणी आपल्यापर्यंत वर चढायला वेळ लागतो. चार दिवस आपल्या घाटाच्या पायरीवर खूण करून तो फरक नोंदवून ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचा असतो, अष्टमीच्या भांगाला मंद. नवख्याने मोटर भांगाच्या दिवसांत शिकावी.

आणि वल्ही घरी ठेवू नयेत. दोन वल्ही, नांगर आणि लांब दोरी होडीत असलीच पाहिजे. मोटर बंद पडली तर आधी नांगर टाकावा, मग डोके चालवावे. लाइफ जॅकेट अंगात असावे, बसायच्या फळीखाली नव्हे. फेरीबोट आणि बार्ज यांना आपणच वाट द्यावी. भरलेली बार्ज जागच्या जागी थांबू शकत नाही आणि तिच्या लाटा लहान होडीला आडव्या घेऊ नयेत, तोंड लाटेकडे करावे. आपली मोटर बिनआवाजाची, त्यामुळे दुसऱ्याला ती ऐकूही येत नाही. काळोखात पांढरा दिवा लावावाच. कुंभारजुवेच्या खाडीकडे जाणाऱ्यांनी तिथल्या मगरी लक्षात ठेवून पाण्यात हात सोडून बसू नये.

कागदपत्रे

मोटर विजेची असली तरी ती बसवल्यावर होडी नुसती वल्ह्याची राहत नाही. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा यंत्राने चालणाऱ्या होड्यांची नोंदणी मागतो. म्हणून मोटर विकत घेण्याआधी पणजीला बंदर कप्तान खात्यात आणि मच्छीमारी खात्यात जाऊन आपल्या होडीला काय लागू होते ते विचारून घ्यावे. होडीची नोंदणी असेल तर तिच्यात बदल नोंदवावा. पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, यांबद्दलही तिथेच विचारावे. विमा असेल तर कंपनीला कळवावे. दावा करायची वेळ आल्यावर न कळवलेला बदल आडवा येतो, हे बँकेत असताना पुष्कळदा पाहिले आहे.

निगा

प्रत्येक फेरीनंतर मोटर गोड्या पाण्याने धुवावी. चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघावे. तिथे तंगूस गुंडाळून बसतो आणि हळूहळू सील कापून पाणी आत शिरते. या मोटरी मरतात त्या बहुधा अशाच. पंख्याची पिन ठोकर बसली की तुटते, ती तुटण्यासाठीच असते. एक जादा पिन आणि पाना होडीत ठेवावा.

शिशाची बॅटरी खेळत्या हवेत चार्ज करावी, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. देवघराशेजारच्या बंद खोलीत नको. लिथियमला तिचाच चार्जर हवा. पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. लिथियमची निम्मी भरून कोरड्या जागी ठेवावी.

फळीचे काम आम्हां दोघा भावांना दोन रविवार पुरले, तारेचे एक. हातात सुतारकी नसेल तर फळीपुरता सुतार बोलवावा, कमीपणा नाही. आमची होडी विकली गेली नाही. भाऊ परवाच भांगाच्या दिवशी पुतण्याला घेऊन गेला होता आणि जाताना वल्ही त्याच्याच हाती दिली होती, कारण मोटर शिकण्याआधी नदी शिकली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ज्या सभासदांना प्रत्यक्ष बघायचे असेल त्यांनी मंडळात सांगून ठेवावे. चार-पाच जण जमले की एखाद्या रविवारी घाटावरच सगळे उलगडून दाखवू.